पिकोवर चढवलेला पहिला प्रोग्राम
आज सांगलीत विश्रामबागच्या घरी भाच्याला सोबत घेऊन रास्पबेरी पाय पिको या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी एलईडी लुकलुकवणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला, बिल्ड केला (म्हणजे बोर्डाला कळेल अशा फाइलमध्ये बदलला) आणि बोर्डावर चढवला. बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी केबल जोडली की बोर्ड संगणकावर पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात बिल्ड झालेल्या प्रोग्रामची यूएफ२ प्रकारची फाइल टाकताच तो स्वतःच रीस्टार्ट झाला आणि २५ क्रमांकाच्या पिनवरचा हिरवा एलईडी लुकलुकू लागला.

"मामा, भलतीच फाइल टाकली तर बोर्ड कायमचा बिघडेल का?" हा त्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. २०२१ मध्ये आलेल्या या बोर्डाच्या आरपी२०४० चिपमध्ये बूटलोडर (नवा प्रोग्राम चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) रॉममध्येच, म्हणजे पुसता न येणाऱ्या मेमरीत असतो आणि आपला प्रोग्राम मात्र चिपबाहेरच्या २ एमबी फ्लॅशमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीत जातो, त्यामुळे फ्लॅशमध्ये काहीही लिहिले गेले तरी तेच बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. शिकणाऱ्या मुलांच्या हाती असाच बोर्ड द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

यूएफ२ फाइल मूळ बायनरीच्या, म्हणजे प्रोग्रामच्या नुसत्या मशीन कोडच्या, दुप्पट का, हेही त्याने विचारले. तिच्या ५१२ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रोग्रामचे २५६ बाइट आणि ते कोठे लिहायचे तो पत्ता असतो. आता २६ क्रमांकाच्या अ‍ॅनालॉग पिनवर मातीतील ओल मोजणारा सेन्सर जोडून तो द्राक्षबागेत लावून पाहायचा आहे.