ताब्यात दिले

मिसिंगच्या रजिस्टरला एक ठरलेलं वाक्य असतं. 'सदर मुलगी मिळून आल्याने तिला पालकांच्या ताब्यात दिले.' हवालदार असताना हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, मोजलं नाही. मुलगी एकोणीस वर्षांची असो की चोवीस, वाक्य तेच. चोरीची मोटारसायकल सापडल्यावरही असंच काहीतरी लिहितात, पण मोटारसायकलच्या मालकाला निदान कागद दाखवावे लागतात.

2019 चा मे महिना. पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं पोलीस ठाणं, गावाचं नाव सांगत नाही. जवळच्या गावची यात्रा होती, निम्मा स्टाफ बंदोबस्ताला. सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक जोडपं घाबरत घाबरत आत आलं. मुलीची मिसिंग चार दिवसांपूर्वी आमच्याकडेच दाखल होती. आळंदीला जाऊन दोघांनी लग्न लावलं होतं. हार घातलेला फोटो, लग्नाचं सर्टिफिकेट आणि आधारची झेरॉक्स, एवढंच जवळ. मुलगी वीस वर्षांची, मुलगा चोवीस.

ठाणे अंमलदाराने वय विचारलंच नाही. "पोरगा कुणातला?" हा पहिला प्रश्न. मुलाने जात सांगितली तसा त्याने पेन खाली ठेवला. मी त्याला नावं ठेवत नाही, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न आधी आला होता.

तासाभरात दोन जीप भरून माणसं आली. एक चुलतभाऊ फाटकातूनच ओरडत होता, "खांडोळी करतो दोघांची." त्याला दोन शिपायांनी बाहेर बसवलं. मुलीचा बाप एका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा, तोंडातून शब्द नाही. बोलत होते ते मोठे चुलते. पांढरे कपडे, हात जोडलेले, आवाज अगदी खालचा. "साहेब, पोरांकडनं चूक होती. भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई, पर काय करणार, लेकच हाय. पोरगी आमच्या ताब्यात द्या. आठ दिवसात मांडव घालून थाटात लावून देतो."

साहेबांचा चेहरा खुलला. मिटलं तर कागदपत्रांचं काम वाचतं. "बघा, किती समजूतदार लोक आहेत," असं ते मुलीकडे बघून म्हणालेसुद्धा.

मला खांडोळीवाल्याची भीती वाटली नाही. जो ओरडतो त्याच्यावर नोटीस काढता येते, चॅप्टर केस करून शांतता राखायची हमी लिहून घेता येते. थाटात लावून देतो म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे कुठल्या कलमात नाही. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, 2011 साली, दुसऱ्या ठाण्यात. तेव्हा मीच त्या मुलीला समजावलं होतं. "आईबाप आहेत बाळा, खातील का तुला?" ती माझं ऐकून गेली. तिसऱ्या महिन्यात विहिरीतून काढली. पाय घसरून पडली म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद झाली. बाईचं प्रेत म्हणून पंचनाम्याला मलाच बोलावलं होतं. विहिरीला पायऱ्या होत्या आणि मुलगी चांगली पोहायची, हे तिच्या मैत्रिणीने मला नंतर एसटी स्टँडवर सांगितलं. जबाब द्यायला ती तयार नव्हती. मीही जास्त धरून बसले नाही. ते माझ्याकडे राहिलं.

जानेवारी 2013 मध्ये नेवासा तालुक्यात, सोनईजवळ, तीन दलित तरुणांना मारलं. सेप्टिक टँक साफ करायचं काम आहे म्हणून त्यांना बोलावून घेतलं होतं. एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. पाच वर्षांनी नाशिकच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली. आणि मी सांगते आहे त्या दिवसानंतर, डिसेंबर 2021 मध्ये, वैजापूर तालुक्यात आई आणि भाऊ लेकीला तिच्या सासरी भेटायला गेले. माहेरची माणसं आली म्हणून तिने चहा टाकला. चुलीपाशीच भावाने कोयत्याने तिचा जीव घेतला, आई सोबत होती. पोरीच्या जिवावर उठलेली माणसं प्रत्येक वेळी शिव्या देत येत नाहीत.

27 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाने शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात सगळं लिहून दिलं होतं. जिल्ह्याला स्पेशल सेल, अशा जोडप्यांना तातडीने संरक्षण, राहायला सुरक्षित जागा, हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. परिपत्रक आमच्या फायलीत लावलेलं होतं. मी साहेबांना त्याची आठवण केली, तर म्हणाले, "बाई, कोर्ट दिल्लीत बसतं. आपल्याला इथे राहायचंय." मग थोडं नरमून म्हणाले, "आईला दहा मिनिटं भेटू द्या. पोरगी तयार झाली तर आपण कोण अडवणार?"

बायकांच्या खोलीत भेट ठेवली. मी दाराशी. आत सोडण्याआधी आईची पिशवी तपासायला मागितली. तिने ती छातीशी धरली. "खण-नारळ हाय बाई. सवाशीण लेक, रिती कशी पाठवू?"

पाठवू. न्यायला आलेली बाई पाठवायची भाषा बोलत होती. ती काय बोलून गेली, हे तिच्याही लक्षात आलं नसावं.

पिशवी घेतली. वर नारळ, खण, ओटीचे तांदूळ. त्याखाली साडीच्या घडीत प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बँकेचं पासबुक आणि पाचशेच्या काही नोटा. बाईने माझ्याकडे बघितलं. मी सगळं जसं होतं तसं लावलं, नारळ वर ठेवला आणि पिशवी परत दिली.

आत गेल्यावर तिने गळा काढला. "चल गं घरी, माझं तोंड काळं करू नगं, धाकटीचं कसं जमायचं?" बाहेर व्हरांड्यात चुलते ऐकत होते, तिकडे जाईल असाच आवाज. आणि हात मात्र लेकीची ओटी भरत होते, तांदूळ, खण, नारळ, आणि शेवटी ती प्लॅस्टिकची पिशवी. लेकीने पिशवी उघडून दाखला बघितला आणि रडायचं थांबली. आई रडतच होती. दहा मिनिटांची बारा झाली, मी घड्याळ बघितलं नाही.

बाहेर येऊन मुलीने जबाब दिला. मी सज्ञान आहे, लग्न स्वखुशीने केलं आहे, घरी जायचं नाही. वयाला पुरावा काय, म्हणून अंमलदाराने विचारलं. तिने दाखला पुढे केला. साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि सही केली. चुलत्यांचे जोडलेले हात तेव्हा सुटले. दाखला आला कुठून, असं त्यांनी विचारलं नाही. फक्त पिशवीकडे बघितलं.

पुण्याच्या एका ओळखीच्या वकीलबाईंना फोन करून मी राहायची सोय केली. स्पेशल सेलचा नंबर लागला, पण उचलणाऱ्याला आपण सेल आहोत हे माहीत नव्हतं. दोघांना आमच्या स्टँडवरून न सोडता मागच्या दाराने गाडीत बसवून शेजारच्या तालुक्यातून एसटीत बसवलं. रजिस्टरला मी लिहिलं, 'सदर महिला स्वतःच्या मर्जीने पतीसोबत गेली.' अंमलदार म्हणाला, हा नमुना नाही. म्हटलं, आजपासून आहे.

आई नळावर तोंड धुऊन बाहेर गेली आणि जीपपाशी पोचताच पुन्हा मोठ्याने म्हणाली, "मेली मला ती."

संध्याकाळी पाचच्या पुढे मुलीचा बाप एकटाच परत आला. एकत्र कुटुंब, सातबाऱ्यावर मोठ्या भावाचा शब्द चालायचा, दिवसभर त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. चपला बाहेर काढून माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"बाई, पिशवीत काय हुतं?"

"खण-नारळ होता," मी म्हणाले.

"आनि दाखला?"

मी रजिस्टरमध्ये बघत बसले.

"ट्रंकेची किल्ली माझ्यापाशी असती," तो म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.