मामीचा बोन स्कॅन अन् गावभर बोभाटा

मामी नागपूरहून बोन स्कॅन (किरणोत्सर्गी औषध टोचून हाडांचं चित्र काढतात ते) करून आली अन् शेजारीण म्हणते, लेकराईले जवळ जाऊ देऊ नका! अरे बाप्पा, त्या औषधातल्या टेक्नेशियम-९९एमचा अर्धा जोर ६ तासात जातो, दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्सा उरते, त्यातलंही बरंच लघवीवाटे निघून जाते, म्हणून तर भरपूर पाणी प्या म्हणतात. डोस साधारण ४-५ मिलिसिव्हर्ट (अंगाले लागलेले किरण मोजायचं माप), निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळते. केरळात करुणागप्पल्लीच्या किरणोत्सर्गी थोरियमवाल्या वाळूवर लोक पिढ्यानपिढ्या राहतात, २००९च्या अभ्यासात तिथं कॅन्सर वाढलेला दिसला नाही. तरी शास्त्रज्ञांचं भांडण काही मिटलं नाही, कोणी म्हणते थोडा डोस थोडा धोका, कोणी म्हणते पेशी डीएनए दुरुस्त करतात. सावधगिरी ठीक, पण मामीचं ताट वेगळं मांडणं म्हणजे अतिच झालं. थायरॉईडसाठी जास्त आयोडीन-१३१ दिलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा अर्धा जोर जायला ८ दिवस लागते, तिथं डॉक्टर सांगतील तेवढं अंतर ठेवाच.