तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगं प्रो बॉक्सर झालं तर पोट भरतं का?

माझ्या संध्याकाळच्या बॉक्सिंगच्या बॅचला पोरं सोडायला येणारे पालक मला हे विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या लाईनीत उभं असताना पण एकानं विचारलंय. "सर, पोरगा म्हणतोय नॅशनल-बिशनल नको, डायरेक्ट प्रो बॉक्सर होतो. मोबाईलवर दिवसभर तेच बघतोय, एकेका फाइटला करोडो मिळतात म्हणे. खरंच करिअर हाय का ह्यात?" दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा नीट बसून लिहितोय.

करिअर आहे. पण पोराचा पंच किती जोरात बसतो हे तुम्ही मला विचारता, त्याच्याआधी त्याच्या कोपऱ्यात, म्हणजे फाइट चालू असताना त्याला सांभाळायला, कोण उभं राहणार हे विचारा असं माझं म्हणणं आहे, आणि का म्हणतो ते सांगतो.

आधी फरक समजून घ्या. आपली पोरं जिल्हा, स्टेट, नॅशनलला जे खेळतात ते अमॅच्युअर, म्हणजे हौशी, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, आठवड्याभरात चार-पाच बाउट म्हणजे लढती, हरला की घरी, पुढच्या वर्षी परत. प्रोमध्ये, म्हणजे पैसे घेऊन लढायच्या बॉक्सिंगमध्ये, सुरुवात चार राउंडनं होते, मग सहा, आठ, दहा आणि वर्ल्ड टायटलची फाइट १२ राउंडची. बायकांचे राउंड दोन-दोन मिनिटांचे आणि टायटल १० राउंडचं. हेडगार्ड नाही, ग्लोव्हज हलके, वेल्टर वजनापर्यंत (साधारण ६६ किलो) ८ औंस आणि त्याच्यावर १० औंस. वजन आदल्या दिवशी होतं, त्याच्यामुळं पोरं आधी जीव काढून पाणी उतरवतात आणि रात्रीतनं परत भरतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ ला असतो, त्यात प्लास्टिकचा सूट घालून पळणारं पोरगं दिसलं की मी आधी सूट काढायला लावतो, बाकी बोलणं नंतर.

आता खरा विषय. जत्रेतल्या कुस्त्या आठवा. पैलवान तालमीत घाम गाळतो ते ठीक, पण जोड कोण लावतंय त्याच्यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. प्रो बॉक्सिंगमध्ये जोड लावणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात आणि तो काम करतो प्रमोटरसाठी, म्हणजे फाइटचा शो भरवणाऱ्यासाठी. प्रमोटरला ज्या पोरात पैसा दिसतो त्याला पहिल्या आठ-दहा फाइटला असे गडी मिळतात की हा जिंकणार हे हॉलमधल्या जवळपास सगळ्यांना माहीत असतं. ह्यात दरवेळी काळंबेरं असतं असं नाही, नवीन पोरगं एकदम तगड्यापुढं टाकलं तर कायमचं मोडतं, त्याला हळूहळू चढवावंच लागतं. पण मग समोर हरणारा तो कोण असतो? तोही प्रोफेशनल बॉक्सरच असतो की, लायसन्सवाला, आणि ह्या धंद्यात असे खूप आहेत.

इंग्लंडात बर्मिंगहॅमला पीटर बकली म्हणून बॉक्सर होता. १९८९ ते २००८ मध्ये तो ३०० फाइट लढला. जिंकला ३२, हरला २५६, बरोबरी १२. नसीम हमेदसारख्या पुढं वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या पोरांशी पण लढला. फोन आला की हा तयार, कधी कधी ऐनवेळी, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या पब्लिकसमोर, आणि बहुतेक वेळा पॉइंटवर हरून आपले पैसे घेऊन घरी. तीनशेवी फाइट जिंकला आणि थांबला. मला ह्या माणसाबद्दल लय आदर आहे, कारण मार कसा चुकवायचा ही कला त्याच्याकडं होती आणि जवळपास वीस वर्षं त्यानं ती रोजगारासारखी वापरली. मोबाईलवर करोडोवाले दिसतात, बकली दिसत नाही. पण पोरगं प्रो झालं तर पुढं करोडोवाला होण्यापेक्षा बकली होण्याची शक्यता किती तरी जास्त आहे, आणि त्याच्याएवढा बचाव येत नसेल तर ते पण जमणार नाही.

"मग विजेंदर?" हे पुढचं वाक्य ठरलेलं असतं. विजेंदर सिंग २००८ ला बीजिंगला ब्राँझ घेऊन आला, ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचं मेडल आणणारा पहिला भारतीय. हरियाणा पोलिसात डीएसपी होता. प्रो झाला २०१५ ला, मँचेस्टरला पहिली फाइट झाली तेव्हा तिशी पूर्ण व्हायला तीन आठवडे पण राहिले नव्हते. पुढच्या वर्षी दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ ह्या प्रो बॉक्सिंगच्या संघटनेचं एशिया पॅसिफिक टायटल घेतलं, सलग १२ जिंकला, तेरावी २०२१ ला गोव्यात जहाजावर हरला. आता निशांत देव बघा, २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिक, आणि मग जानेवारी २०२५ ला लास व्हेगासला पहिली प्रो फाइट. दोघं पण नाव घेऊन गेले. प्रमोटर त्यांच्याकडं आला, त्यांना दारोदार फिरावं लागलं नाही. बारावी झालेलं पोरगं अमॅच्युअरचं काही हातात नसताना जातं तेव्हा मॅचमेकरच्या डायरीत त्याचं नाव पहिल्या दिवसापासून हरणाऱ्याच्या बाजूला लिहिलेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. फाइटचे जे मिळतात त्यातले साधारण १० टक्के ट्रेनरचे, मॅनेजरचे काही ठिकाणी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग स्पॅरिंगवाले (सरावाला समोर लढणारे), मेडिकल, प्रवास. इंग्लंडात छोट्या हॉलच्या शोला तर बॉक्सर स्वतःच्या फाइटची तिकिटं मित्रांना, नातेवाईकांना विकतो आणि त्यातनंच त्याचं मानधन निघतं. वर पोचलेल्यांचं पण सांगतो. जो लुईस १९३७ पासून १९४९ पर्यंत हेवीवेट चॅम्पियन, २५ वेळा टायटल राखलं, एवढं आजपर्यंत हेवीवेटला कुणी केलं नाही. त्याला टॅक्सच्या थकबाकीपायी परत रिंगमध्ये यावं लागलं आणि १९५१ ला रॉकी मार्सियानोनं आठव्या राउंडला दोरीतनं बाहेर पाडला. वय ३७. आजूबाजूला इतकी माणसं असताना त्याला कुणी वेळेत हिशोब सांगितला नाही ह्याचा मला अजून राग येतो.

आणि आता कोपरा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

१९७५ ला मनिलाला मुहम्मद अली आणि जो फ्रेझियरची तिसरी फाइट. त्या वेळी टायटल १५ राउंडचं असायचं. चौदावा झाला, फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आलेले, अलीचा पंच कुठनं येतोय ते त्याला दिसत नव्हतं. शेवटचा एक राउंड. फ्रेझियर म्हणतोय मला जाऊ दे, आणि त्याचा ट्रेनर एडी फच म्हणाला बस खाली, झालं. थांबवली. वर्ल्ड टायटल, सगळ्या जगाचं लक्ष, समोर अली पण पार थकलेला, तीन मिनिटं फक्त. फचनं त्याच्याआधी रिंगमध्ये मारानं माणसं मेलेली बघितली होती. मी नवीन कोचला, पोरांना, पालकांना सगळ्यांना हेच सांगतो, की तुमच्या पोराला असा माणूस शोधा जो तीन मिनिटं उरलेली असताना नाही म्हणू शकतो, आणि पोरगं चिडलं, रडलं, सोडून गेलं तरी त्याला चालेल.

सात वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ ला, लास व्हेगासला कोरियाचा डुक कू किम रे मॅन्सिनीशी चौदाव्या राउंडपर्यंत लढला, तिथं पडला आणि चार-पाच दिवसांनी वारला. त्याच्यानंतर डब्ल्यूबीसी ह्या प्रो बॉक्सिंगच्या संघटनेनं टायटल फाइट १५ वरनं १२ राउंडवर आणली आणि हळूहळू बाकीच्या संघटनांनी पण आणली. म्हणजे आज तुमचं पोरगं ज्या नियमात लढेल तो नियम एका पोराच्या जिवावर आलेला आहे.

अलीचं तर सगळ्यांनाच माहीत असतं, पण डॉक्टरचं कुणी सांगत नाही. फर्डी पाचेको म्हणून त्याच्या कोपऱ्यात डॉक्टर होता. १९७७ ला अर्नी शेव्हर्सच्या फाइटनंतर त्यानं किडनीचे रिपोर्ट बघितले, अलीला आणि त्याच्या जवळच्यांना लिहून कळवलं की आता बास करा, कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तो सोडून गेला. अली लढत राहिला. १९८० ला लॅरी होम्सनं त्याला दहा राउंड मारला, शेवटी त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीनं थांबवलं. तरी १९८१ ला अजून एक फाइट झालीच, वय ३९. १९८४ ला पार्किन्सन निघाला. तो नेमका बॉक्सिंगमुळंच झाला का ह्याच्यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण डोक्यावरच्या मारानं बॉक्सर पुढं अडखळायला लागतात, विसरायला लागतात, हे हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ लाच लिहून ठेवलंय. आणि हा मार फक्त नॉकआउटचा नसतो, रोजच्या स्पॅरिंगचा पण त्यातच जमा होतो. म्हणून माझ्याकडं दणादण स्पॅरिंग रोज होत नाही, आणि "सर पोरं लढताना दिसत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्या पालकांना मी शांतपणे हेच सांगतो.

कुणी म्हणतं जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी परत चॅम्पियन झाला. झाला, १९९४ ला, मायकल मूररला दहाव्या राउंडला पाडून. पण तो मध्ये दहा वर्षं रिंगच्या बाहेर होता, डोक्याला विश्रांती मिळाली होती, आणि असा फोरमन एकच झाला.

मग आपल्या सोलापूरच्या पोरांनी काय करायचं. माझ्याकडं येणारी बरीच पोरं पूर्व भागातली, वडील कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळते. त्यांना पैसा लवकर पाहिजे ही हाव नाही, घरची गरज आहे, आणि "आधी दहा वर्षं अमॅच्युअर खेळ" असं मी नुसतं म्हणून चालत नाही. म्हणून अमॅच्युअरमध्ये काय मिळतं ते नीट सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांची सर्टिफिकेट लागतात आणि ती क्रीडा खात्याकडनं पडताळून घ्यावी लागतात. प्रो फाइटचं रेकॉर्ड तिथं कामाला येत नाही. आर्मी, रेल्वे, पोलीस, सगळीकडं खेळाडू घेतात. लहान पोरगं असेल तर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथं निवड झाली तर राहणं, खाणं, शाळा सगळं बघतात. नोकरी हातात असलेलं पोरगं उद्या प्रोच्या फाइटला नाही म्हणू शकतं. ज्याचं घरभाडं त्या फाइटवर अडलंय ते नाही म्हणू शकत नाही, मग डोकं दुखत असलं तरी लढतं आणि दुखतंय हे कुणाला सांगत पण नाही.

तरीही जायचंच असेल तर करार घेऊन या, सही करायच्या आधी. किती वर्षं बांधून घेतायत, समोरचा गडी नाकारायचा हक्क आहे का, ब्रेन स्कॅनचा खर्च कुणाचा, हॉलबाहेर अँब्युलन्स आणि जवळ न्यूरोसर्जनचं हॉस्पिटल आहे का, हे वाचू. मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस किंवा एकाच घरातले असतील तर मी सही करू नका म्हणेन, कारण मग पोराच्या बाजूनं भांडायला कुणी उरत नाही. आणि फाइट थांबवायला रिंगमध्ये टाकायचा टॉवेल ज्याच्या हातात असेल त्या माणसाला मला भेटवा, त्याच्याशी मी स्वतः बोलतो.

आत्ता माझ्याकडं एक मुलगी आहे, दोनदा नॅशनल खेळलेली, डावा हात असा की पोरं तिच्याशी स्पॅरिंगला टाळाटाळ करतात. तिला प्रोच व्हायचंय. तिच्या आईनं मागच्या महिन्यात हाच प्रश्न विचारला आणि मी हेच सगळं सांगितलं, तासभर. पोलीस भरतीचा फॉर्म भरून झालाय, ग्राउंडची तयारी सकाळी आणि बॉक्सिंग संध्याकाळी असं चाललंय. प्रोचा विषय तिनं सोडलेला नाही, आणि मी पण तिला सोड म्हणणार नाही.