मालगाडीमागचा लाल दिवा

नोकरी रेल्वे सिग्नलिंगचीच, पण इंग्लंडातल्या ऑफिसात संगणकासमोर बसून करायची. सुट्टीच्या दिवशी मात्र मी वाफेच्या इंजिनांची एक जुनी, हौसेने जपलेली रेल्वे गाठतो आणि सिग्नलच्या केबिनमध्ये बिनपगारी ड्युटी करतो. लाल लिव्हर सिग्नलचे, पिवळे डिस्टंटचे, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलचे, काळे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे, निळे सांधा कुलूपबंद करणारे. घामाने पोलाद गंजू नये म्हणून लिव्हर फडक्यानेच धरायचा. नुसता हात लावलात तर जुनी मंडळी वसकन अंगावर येतात.

त्या दिवशी मालगाडीचं प्रात्यक्षिक होतं. मालधक्क्यावर शंटरने, म्हणजे डबे जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या माणसाने, लांब दांडीच्या आकड्याने वॅगन जोडल्या. तीन कड्यांची सैल साखळी, आणि वॅगनला फक्त हातब्रेक. १८८९ साली आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर गाडीपासून सोडवलेले डबे मागे घरंगळले आणि ८० माणसं गेली. त्याच वर्षी कायदा झाला: ब्लॉक पद्धत (रुळाच्या एका टप्प्यात, म्हणजे सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी) आणि इंटरलॉकिंग (एकमेकांना छेद देणारे सिग्नल-सांधे एकत्र ओढूच न देणारी रचना) सक्तीचं, प्रवासी गाड्यांना सलग आपोआप लागणारे ब्रेक. मालगाड्यांना मात्र ब्रेकच्या सक्तीतून सूट मिळाली. अशा जुन्या मालगाडीची साखळी तुटली तर मागच्या वॅगन आपसूक थांबत नाहीत. त्या मागे राहिल्या नाहीत, हे केबिनमधून ओळखायचं ते शेवटच्या डब्यामागच्या लाल दिव्यावरून.

गाडी समोरून गेली. शेवटची ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, तीही गेली, गार्डने हात हलवला. दिवा नव्हता.

"व्हॅन तर दिसली," मी म्हणालो. शेजारचे म्हातारे सिग्नलमन खुर्चीतून उठलेही नाहीत. "व्हॅनच्या मागे काही जोडलेलं नव्हतं, हे तुला कोणी सांगितलं?" वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी प्रवासी गाडीच्या शेपटाला घोड्यांचा डबा किंवा दुधाचा टँकर सर्रास लावत. शेवटचा डबा कोणता, हे दिवाच सांगतो.

पुढच्या केबिनला घंटेचे सलग नऊ ठोके: गाडी दिव्याशिवाय गेली, म्हणजे तिथे थांबवून तपासायची. मागच्या केबिनला चार, मग पाच: दिवा दिसला नाही. 'गाडी बाहेर पडली'चे दोन-एक ठोके मी दिलेच नाहीत. ब्लॉक यंत्राचा काटा 'ट्रेन ऑन लाइन'वरच, म्हणजे गाडी अजून सेक्शनमध्येच आहे असा, ठेवला आणि मागची प्रवासी गाडी सिग्नलला अडकली.

पुढच्या केबिनचा फोन आला. गाडी पूर्ण होती. शंटिंगमध्ये व्हॅनची बाजू बदलली होती आणि दिवा आतल्या टोकाला, वॅगनच्या बाजूला, तसाच लटकत राहिला होता. मग दोन-एक ठोके दिले आणि रजिस्टरमध्ये वेळा लिहिल्या.

ऑफिसात मी अॅक्सल काउंटरचे आराखडे तपासतो. सेक्शनमध्ये चाकांचे जितके आस शिरले तितकेच बाहेर पडले का, हे ते यंत्र मोजतं. आकडा जुळला नाही तर तेही सेक्शन मोकळा झाला म्हणत नाही. गार्डने हात हलवल्याचं त्यालाही कौतुक नसतं.

अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना हा सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटला. दोघातिघांनी तर पुढचा 'खेळ' किती वाजता, असंही विचारलं.