धुऱ्यावरची पुनर्नवा

मे महिन्याच्या उन्हात आमच्याकडच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, पुनर्नवेचा मागमूसही दिसत नाही. मात्र मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की जमिनीत टिकून राहिलेल्या जाड मुळातून तांबूस फांद्या फुटतात आणि पंधरवड्यात गोठ्यामागची मोकळी जागा व्यापून टाकतात. निंदणाऱ्या बायकांना ती डोकेदुखी वाटते, कारण खुरप्याने वरचा पाला निघाला तरी मूळ खालीच राहते. त्याच बायका तिचा कोवळा पाला ओट्यात खुडून घरी नेतात आणि तुरीची डाळ व लसूण घालून घेटुळीची, म्हणजे पुनर्नवेचीच, भाजी करतात, हेही तितकेच खरे.

आयुर्वेदात पुनर्नवेची मुख्य ओळख सूज उतरवणारी व लघवी साफ करणारी वनस्पती अशी आहे. चरकसंहितेने तिला वयःस्थापन, म्हणजे तारुण्य टिकवणाऱ्या औषधींच्या, गणात स्थान दिले आहे, तर पुनर्नवा मंडूर आणि पुनर्नवासव ही औषधे आजही वैद्यांच्या वापरात आहेत. खेड्यात पायावर सूज आली की मुळाचा काढा देतात, आणि मुका मार लागल्यास मूळ उगाळून लेप लावतात. मुळात पुनर्नवीन नावाचे अल्कलॉइड आणि पोटॅशियमचे क्षार असतात. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचा मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, परिणामही दिसला आहे. तरीही पायांवरची सूज मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकाराची खूण असू शकते, आणि मूत्रपिंड दुबळे असलेल्या माणसाला पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. म्हणून तपासणीआधीच काढा सुरू करणे मला मुळीच पटत नाही. गर्भवतींनी तर तो परस्पर घेऊच नये.

खरी गफलत ओळखण्यात होते. पांढरी पुनर्नवा म्हणून पुष्कळदा ट्रायन्थिमा ही वेगळीच वनस्पती आणली जाते. तिची पाने मांसल असतात, फूल पानाच्या बेचक्यात एकेकटे बसते आणि ती वर्षभरात संपते. लाल पुनर्नवेची, म्हणजे बोएर्हाविया डिफ्युजाची, पाने पातळ, खालून फिकट आणि कडांना किंचित लहरी असतात. समोरासमोरच्या जोडीतील एक पान दुसऱ्याहून लहान असते. बारीक, गुलाबी-जांभळी फुले लांब नाजूक देठांवर झुपक्याने येतात, आणि पाच कंगोऱ्यांची चिकट फळे धोतराला किंवा पायजम्याला चिकटून घरापर्यंत येतात. (हे शास्त्रीय नाव डच वैद्य हरमान बोएर्हावे, १६६८–१७३८, यांच्यावरून आले आहे, बोगनवेल आणि गुलबक्षी ही तिची भावंडे.)

अलीकडे सोयाबीन आणि कपाशीच्या वावरांत तणनाशकाची फवारणी सर्रास होते. म्हणून भाजीसाठी असो वा औषधासाठी, धुऱ्यावरची पुनर्नवा खुडण्यापूर्वी त्या वावरात कधी आणि काय फवारले हे मालकाला विचारून घ्यावे. सांगता येत नसेल, तर परसातली बरी.