थकव्याचा रकाना

माझ्या डायलिसिसच्या फाइलीत आकडे खच्चून भरलेत. आधीचं वजन, नंतरचं वजन, किती लिटर पाणी काढलं, बीपी, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, पोटॅशियम. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला, मला खरं तर अशी फाइल आवडायला हवी. पण मशीनवरून उठल्यावर जो थकवा येतो त्याला रकानाच नाही. सिस्टर विचारतात, "काका, बरं वाटतंय ना?" आपण मान डोलावतो. संपलं.

हा थकवा झोपून जात नाही. घरी आलो की जिन्यात मध्येच बसतो, बायकोने वरून "आलात का?" विचारलं तर ओ द्यायचंही जिवावर येतं. उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. सोलापूरचा पारा बेचाळीसवर गेला की पाणी मोजून पिणं जमत नाही. मग पुढच्या वेळी चार तासांत जास्त पाणी ओढावं लागतं, बीपी पडतं, पायात गोळे येतात आणि ती दुपार गेलीच. एचबीसाठी इंजेक्शन चालू आहे. एचबी वाढलं, थकवा आहे तिथेच.

मुलीने मोबाइलवर एक माहिती पाठवली. 'साँग' नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना विचारून हिमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनवरच्या डायलिसिसच्या, प्रत्येक संशोधनात मोजायलाच हव्यात अशा चार गोष्टी ठरवल्या: हृदयविकार, मृत्यू, फिस्टुला-कॅथेटरची, म्हणजे मशीनला रक्त जोडायच्या जागेची, स्थिती आणि थकवा. थकव्यासाठी फक्त तीन प्रश्न. गेल्या आठवड्यात थकवा वाटला का? अंगात ताकद नव्हती का? थकव्यामुळे रोजची कामं अडली का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. माझी बेरीज नऊपैकी सात.

हिशेबनीस म्हणून एक खोट काढतोच. आठवडा एकत्र धरला की मशीनचा दिवस आणि मधला दिवस एकाच खात्यात जातात. म्हणून मी फाइलीच्या मागच्या पानावर आणखी एक रकाना आखला: मशीननंतर पूर्ववत व्हायला किती तास लागले. डॉक्टरांनी तो पाहिला आणि ड्राय वेट, म्हणजे पाणी काढून जिथपर्यंत वजन उतरवतात ते, अर्धा किलो वाढवून बघू म्हणाले.

साडूंची किडनी बदलली आहे. 'साँग'च्या प्रत्यारोपणवाल्यांसाठीच्या यादीत थकव्याऐवजी कामधंदा, घर, चारचौघांत मिसळणं किती जमतं हे आहे. ते मला पटतं. साडू थकलो म्हणत नाहीत, पण यंदा गड्ड्याच्या यात्रेला आले नाहीत.

शेजारच्या बेडवर पूर्व भागातल्या एक विडी कामगार बाई असतात. त्यांना तिसरा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "काम अडवून कसं चालंल काका, खायचं काय?" म्हणजे शून्य गुण! मग मी विचारलं, हजार विड्या वळायला किती वेळ लागतो? पूर्वी दिवस मावळेपर्यंत व्हायच्या म्हणे. आता मशीनच्या दिवशी निम्म्याही होत नाहीत, उरलेल्या रात्री सून वळते.