सोनमर्ग ते नारानाग, काश्मीरच्या तळ्यांचा ट्रेक: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचंही काम होईल. या ट्रेकला एक दिवस जास्तीचा ठेवा आणि तो विशनसर तळ्याजवळच्या कॅम्पला ठेवा, शेवटी श्रीनगरला नाही. बरेच लोक तो दिवस शेवटी ठेवतात, शिकारा आणि शॉपिंग करायला, आणि मग वर पाऊस लागला की घड्याळ पाहत पाहत खिंड चढतात. विशनसरच्या पुढे गडसर खिंड आहे, अख्ख्या ट्रेकमधली सगळ्यात उंच, जवळपास १३,८०० फूट, आणि ती ओलांडून पलीकडे उतरलात की मागं फिरायचं म्हटलं तरी तीच खिंड परत चढावी लागते. त्यामुळे थांबायचं तर अलीकडेच थांबा. आम्ही थांबलो, दिवसभर टेंटवर पाऊस ऐकत पत्ते कुटले, आणि दुसऱ्या दिवशी वर पोचलो तेव्हा खाली विशनसर आणि किशनसर दोन्ही तळी एकाच नजरेत, निळीशार. त्याच सकाळी आमच्या पुढचा एक ग्रुप म्हणाला की ते आदल्या दिवशी धुक्यात चढले आणि त्यांना समोरच्याची बॅग सोडून काहीच दिसलं नाही.

आता नागपूरहून जायचं कसं. विमानानं दिल्ली आणि मग श्रीनगर हा सोपा रस्ता आहेच, पण जुलै ऑगस्टला भाडं डोक्यावरून जातं. आम्ही रेल्वेनं गेलो. अंदमान एक्सप्रेस चेन्नईहून येते आणि नागपूरवरून थेट कटऱ्याला जाते, दीड दिवस धरून चाला, रोज नाही त्यामुळे तिकीट काढताना वार बघा. कटऱ्याहून पुढे श्रीनगरसाठी जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झालीय, तीनेक तासात पोचवते आणि वाटेत चिनाबचा तो ३५९ मीटर उंच पूल लागतो. पूर्वी जम्मूहून टॅक्सीत बसून रामबनच्या जाममध्ये अख्खा दिवस जायचा, ते एकदाचं संपलं बाप्पा. रेल्वे असो की विमान, स्टोव्हचे गॅस कॅन सोबत नेऊ नका, श्रीनगरला मिळतात. पॉवर बँक विमानात चेक-इन बॅगेत टाकली तर काढायला लावतात, ती हातातल्या बॅगेतच ठेवा. आणि बुकिंगच्या आधी त्या सीझनला ट्रेक सुरू आहे की नाही, परवानगी मिळून राहिली की नाही, हे श्रीनगरच्या दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना विचारा, एकट्या एजन्सीच्या तोंडावर जाऊ नका.

तयारीबद्दल खूप जण विचारतात की नागपूर सपाट, चढायचं कुठं. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीवर दम वाढतो, गुडघे तयार होत नाहीत. रामटेकच्या गडावर पाठीवर आठ-दहा किलो घेऊन पायऱ्या चढा आणि मुख्य म्हणजे उतरा, जमलं तर एखादा वीकेंड पचमढीला चौरागड करून या. ज्यानं श्रावणात तिथलीच नागद्वारची यात्रा केली आहे, त्या चिखलात, त्या गर्दीत, रात्रीबेरात्री, त्याला दिवसभर चालायचं टेन्शन घ्यायची गरज नाही. आमच्यातल्या प्रतापनगरच्या काकूंनी जिमचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, दरवर्षी नागद्वार मात्र चुकवत नाहीत, त्या आमच्या जिमवाल्या पोरांच्या पुढे चालून राहिल्या होत्या. फक्त उंचीचा प्रश्न वेगळा, त्याची प्रॅक्टिस इथं होत नाही. आपण राहतो हजार फुटावर आणि तिसऱ्या दिवशी झोपतो बारा हजारावर. डोकं दुखलं, मळमळलं, जेवण जाईना, तर लगेच सांगायचं, शूरपणा नको, आणि वाढत असेल तर खाली उतरायचं, दुसरा इलाज नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर नागपूरलाच डॉक्टरांना विचारून घ्या, तिथं कुणाच्या खिशातून नको.

पहिला दिवस सोनमर्गहून निघून निचनई खिंडीच्या आधीच्या कॅम्पपर्यंत. देवदार, भूर्जाची झाडं, चढ आहे पण खुनशी नाही. निचनईच्या नाल्याशी जुलैच्या सुरुवातीला बर्फाचे पूल असतात, घोडेवाल्यानं ज्यावर पाय ठेवला त्यावरच ठेवायचा, फोटोसाठी कडेला जायचं नाही. निचनई खिंड तेरा हजाराच्या वर आहे, तरी गडसरपेक्षा बरी, आणि पलीकडचा उतार लांबलचक कुरणातला आहे, तिथं बक्करवालांची, म्हणजे तिथल्या भटक्या धनगरांची मेंढरं, घोडे, त्यांची कुत्री. कुत्र्यांपासून लांब रहा, ती बिस्किटाला भुलणारी नाहीत.

विशनसरला आर्मीवाले ओळखपत्र बघतात, पुढेही बघतात. ओरिजिनल आधार जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो दाखवून वाद घालू नका. कॅम्पचे, जवानांचे फोटो काढायचे नाहीत, ही सीमा जवळ आहे. मासे पकडायचा शौक असेल तर ट्राउट भरपूर आहे पण त्याला मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो आधीच खाली काढून घ्या.

गडसर खिंडीचा चढ किशनसरच्या बाजूनं सुरू होतो आणि तो अंगावर येतो. वाट एका माणसापुरती, समोरून घोडे आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. पहाटे निघा, बाराच्या आत वर पोचा, कारण दुपारनंतर ढग भरतात आणि वीज कडाडली की त्या धारेवर लपायला एक झुडूपसुद्धा नाही. ट्रेकिंग पोल एक नाही, दोन घ्या, चढायला नाही तर उतरायला. पलीकडचा उतार संपतच नाही पण फुलं इतकी की पाय कुठं ठेवायचा कळत नाही. गडसर तळ्यात जुलैत बर्फाचे तुकडे तरंगत असतात. आमचा घोडेवाला चाचा म्हणाला की धनगर या तळ्याजवळ मेंढरं थांबवत नाहीत, आत काहीतरी राहतं. मी म्हटलं चाचा तुम्ही पाहिलं का, तर म्हणाले जो पाहतो तो सांगायला येत नाही. बरं.

सातसर म्हणजे सात तळ्यांचा समूह, त्याबद्दल फार लिहीत नाही, ऑगस्टनंतर गेलात तर त्यातली काही तळी आटलेली दिसतात. पण सातसरहून निघाल्यावर जो दगडांचा पट्टा लागतो तो नीट लक्षात ठेवा. फ्रिजएवढे, कपाटाएवढे दगड, काही हलतात, आणि पाऊस झाला असेल तर साबण लावल्यासारखे. इथं घाई केली की घोटा गेलाच. मऊ सोलचे स्पोर्ट शूज घालून आलेले दोघंतिघं आमच्या समोर घसरले. घोट्याच्या वर येणारे, पकड असलेले बूट घ्या आणि ते महिनाभर आधी नागपुरात घालून फिरा, भर उन्हात घाम आला तरी.

त्यानंतर झच खिंड. वर पोचलं की समोर हरमुख, ५,१४२ मीटर, आणि त्याच्या पायाशी गंगबल आणि नुंदकोल. इथं मी जरा जास्त वेळ बसलो, कारण आम्हा नागपूरकरांचं या डोंगराशी एक नातं आहे आणि ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. हिंदुस्थान मोजायची ती मोठी त्रिकोणमितीय मोहीम ज्यानं सुरू केली तो विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये नागपूरला येता येता हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. काम थांबलं नाही, उत्तरेला सरकत सरकत काश्मीरला पोचलं, आणि १८५६ मध्ये थॉमस माँटगोमेरीनं या हरमुखवर यंत्र लावून दोनशेहून जास्त किलोमीटर लांबची दोन शिखरं टिपली, के१ आणि के२. पहिल्याला पुढे माशेरब्रुम म्हणू लागले, दुसऱ्याचं तेच राहिलं. आपल्या झिरो माईलच्या खांबावर १०२०.१७१ फूट लिहिलंय ना, तेही याच सर्व्हे खात्याचं काम. आपण रोज तिथून सिग्नल तोडत जातो.

दुसरी गंमत पाण्याची. विशनसर, किशनसर, गडसर हे पाणी किशनगंगेला जातं आणि सीमेपार निघून जातं, गंगबलचं मात्र नुंदकोलमधून वांगथ नाल्यानं काश्मीरातल्या सिंध नदीला (सिंधू नव्हे), आणि शेवटी दोन्ही झेलमलाच मिळतात.

हरमुख चढायचा विचार ट्रेकच्या जोशात करू नका. हिमनदी, दोर, बर्फाची कुऱ्हाड, ते गिर्यारोहण आहे, बेसिक कोर्स केलेल्यांचं काम, ट्रेकवाला गाईड पुरत नाही. ज्यांच्याकडे सुट्टी कमी आहे त्यांनी नारानागहून नुसतं गंगबलला जाऊन परत यावं, तेही भारी होतं. पण पूर्ण ट्रेक उलटा, नारानागहून सुरू करू नका. पहिल्याच दिवशी चार हजार फूट उभा चढ, शरीर हवेला सरावलेलं नसताना, कायले करता भाऊ.

आम्ही तो चार हजार फूट उतरलो आणि गुडघ्यांनी सगळा हिशोब तिथंच मागितला. नीकॅप असेल तर या दिवसासाठी वाचवून ठेवा, पाणी भरपूर प्या, खाली नारानागला आठव्या शतकातल्या देवळांचे अवशेष आहेत, काश्मीरचा राजा ललितादित्य याच्या काळातले, लोक थकून गाडीत बसतात आणि बघतच नाहीत, वीस मिनिटं द्या.

राहिलेलं पटापट: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड हवं, आणि सोनमर्ग सोडलं की तेही विसरा, घरी आधीच सांगून ठेवा. रेनकोटसोबत बॅगेला आतून जाड प्लॅस्टिक लावा, वरचं कव्हर पुरत नाही. संत्रा बर्फी आणि चिवडा घेऊन जा, चौथ्या दिवशी डाळभात समोर आला की त्याची किंमत कळते, घोडेवाल्यांनाही द्या. आपला कचरा परत खाली आणा, खिंडीवर मॅगीची पाकिटं बघून डोकं फिरतं. नोटा सुट्ट्या आणि पुरेशा ठेवा, टिप, चहा सगळं रोखीतच चालतं. नारानागहून कंगनपर्यंत शेअर सुमो मिळते, पण दुपारनंतर कमी होतात, आणि अख्खी गाडी करायची तर श्रीनगरपर्यंतचाच भाव ठरवून मगच बॅगा टाका.